मानेची नस आणि दंडावरचा पट्टा

मंडळाच्या यंदाच्या आरोग्य शिबिरासाठी कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आला आहे. भारतातून आपल्याकडे येऊन राहणाऱ्या आई-वडिलांसाठी, मानेच्या नसेवरून हृदयाजवळचा रक्तदाब आणि ‘धमन्यांचे वय’ सांगणारी तपासणी ठेवावी. खर्च माणशी १२० डॉलर, त्यातला निम्मा मंडळाने सोसावा. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. तरीही मी त्याच्या विरुद्ध मत देणार आहे आणि त्याची कारणे सभेत दोन मिनिटांत सांगता येण्यासारखी नसल्यामुळे संपादकांकडून ही जागा मागून घेतली.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेतली आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण या विषयात मी पडलो तो शिक्षणामुळे नव्हे, बाबांमुळे.

माझे ऑफिस हार्बरफ्रंटला आहे. मागच्या वर्षी आई-बाबा नाशिकहून तीन महिन्यांसाठी आले होते. बाबांचे वय ६७. एसटीच्या कार्यशाळेत ३४ वर्षे पाने-हातोडे चालवलेला माणूस; दंड अजूनही भरलेले. एका शनिवारी ऑफिस दाखवायला म्हणून दोघांना घेऊन गेलो आणि स्टेशनजवळून सुरू होणाऱ्या मॅरांगच्या पायवाटेने माउंट फेबर चढायला लागलो. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढलेले बाबा दोनदा थांबले. “हवा दमट आहे,” म्हणाले. मी काही बोललो नाही. पण दोन आठवड्यांनी तिथेच एका आरोग्य प्रदर्शनात ही मानेची तपासणी दिसली, तेव्हा लगेच त्यांना रांगेत उभे केले.

आधी दंडाला पट्टा बांधला. आकडा आला १६२/८४. मग एका मुलीने त्यांच्या मानेवर, जबड्याच्या खाली, पेन्सिलीसारखे एक उपकरण टेकवले. पडद्यावर डोंगररांगेसारखा आलेख उमटला आणि छापील कागद हातात पडला. हृदयाजवळचा वरचा दाब १५१, धमन्यांचे वय ७९. खाली लाल रंगाची पट्टी.

घरी येईपर्यंत बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. जेवणही नावापुरते झाले. रात्री आई झोपल्यावर मला बाल्कनीत बोलावून त्यांनी सांगितले, की एलआयसीची कागदपत्रे नाशिकच्या कपाटात डावीकडच्या खालच्या खणात आहेत आणि किल्ली देवघरातल्या डब्यात आहे.

त्या रात्री मी वाचायला बसलो, आणि पुढचे काही आठवडे वाचतच राहिलो.

पहिली गोष्ट ही, की मानेच्या तपासणीमागचे शास्त्र खोटे नाही. आपण दंडावर जो दाब मोजतो तो हृदयाला सोसावा लागणारा दाब नव्हे. हृदयातून निघालेली दाबाची लाट महाधमनीतून हातापायांकडे धावते, जिथे नळ्या अरुंद होतात किंवा फुटतात तिथे आपटून थोडी परत फिरते आणि पुढून येणाऱ्या लाटेत मिसळते. हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर उभे राहून हे डोळ्यांनी बघता येते. त्या शनिवारी बाटमची फेरीबोट आली, तेव्हा तिच्या लाटा भिंतीवर आपटून मागे फिरत होत्या आणि भिंतीलगतचे पाणी मधल्या पाण्यापेक्षा उंच उसळत होते. आपला दंड म्हणजे ती भिंतीलगतची जागा. तरुण माणसात दंडावरचा वरचा आकडा महाधमनीतल्या आकड्यापेक्षा १०-१५ मिलिमीटर, कधी त्याहूनही जास्त असतो.

वय वाढते तशी महाधमनीची लवचिकता कमी होते. लाट वेगाने जाते आणि वेगाने परत येते. तरुणपणी सेकंदाला पाच-सहा मीटर जाणारी लाट ताठर नळीत १० मीटरच्या वर जाते. मग परतीची लाट हृदय अजून रक्त ढकलत असतानाच येऊन थडकते आणि हृदयाला तिच्याविरुद्ध जोर लावावा लागतो. म्हणून दोन माणसांचा दंडावरचा आकडा सारखा असला तरी एकाच्या हृदयावर भार कमी आणि दुसऱ्याच्या जास्त, असे होऊ शकते. मानेतली कॅरॉटिड धमनी महाधमनीच्या जवळची, शिवाय त्वचेखाली लगेच हाताला लागणारी. तिथे दाबाच्या लाटेचा जो आकार मिळतो तो महाधमनीतल्या आकाराच्या बराच जवळ असतो.

याचा औषधांशीही संबंध आहे. २००६ साली ‘कॅफे’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २,१९९ रुग्णांच्या मनगटावरच्या नाडीच्या आलेखावरून महाधमनीतला दाब काढला होता. एका गटाला अटेनोलॉलवर आधारलेले उपचार, दुसऱ्याला अम्लोडिपिनवर आधारलेले. दंडावर दोन्ही गटांच्या वरच्या आकड्यात फरक जेमतेम ०.७ मिलिमीटर. महाधमनीत मात्र अम्लोडिपिनच्या गटाचा दाब ४.३ मिलिमीटरने कमी. ज्या मोठ्या चाचणीचा हा भाग होता, तिच्यात अम्लोडिपिनच्या गटात पक्षाघातही कमी झाले होते. हे वाचताना मी खुर्चीत सरळ झालो, कारण बाबा चौदा वर्षे अटेनोलॉल घेत होते. आपल्याकडे ही गोळी स्वस्त आणि ओळखीची. एकदा लिहून दिली की वर्षानुवर्षे तोच कागद दुकानात दाखवायचा.

(हे वाचून कुणी आई-वडिलांची अटेनोलॉल बंद करू नये. ती एकदम थांबवणे धोक्याचे असते. बदलायची की नाही, आणि कशी, ते डॉक्टरच ठरवतील.)

दाबाची लाट कागदावर उतरवणे तसे नवे नाही. फ्रान्समध्ये मारे यांनी १८६० साली नाडीचा आलेख काढणारे यंत्र केले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या फ्रेडरिक अकबर महोमेद यांनी १८७२ मध्ये ते सुधारले आणि मूत्रपिंड बिघडण्याआधीच दाब वाढलेला असू शकतो हे आलेखांवरून दाखवले. महोमेद यांचे आजोबा पाटण्याचे. लंडनमध्ये १८१० साली पहिले हिंदुस्थानी खानावळघर काढणारे ते हेच साके दीन महोमेद. नातू १८८४ मध्ये पस्तिशीतच विषमज्वराने गेला. पुढे १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांचा पट्टा आला, १९०५ मध्ये कोरोटकॉफ यांनी स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा आकडा ऐकायला शिकवले आणि १९०७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या विमा कंपनीने अर्जदारांचा दाब मोजायला सुरुवात केली. विम्याच्या अर्जात आलेख चिकटवता येत नाही, आकडा लिहिता येतो. शंभर वर्षे आलेख मागे पडला.

तो परत आणण्यात आपल्या सिंगापूरचाही हात आहे. इथल्या डॉ. टिंग चून मेंग यांच्या हेल्थस्टॅट्स कंपनीने मनगटावर घड्याळासारखे बांधायचे नाडीमापक तयार केले आणि इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातल्या प्रा. ब्रायन विल्यम्स यांच्याबरोबर २०११ साली त्या आलेखावरून महाधमनीतला वरचा दाब काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती पद्धत वाचून मला हसूच आले. शेअरबाजाराच्या आलेखात आपण सरकती सरासरी बघतो ना, तीच! पाव सेकंदाच्या नोंदींची सरकती सरासरी घ्यायची. तिचे शिखर म्हणजे महाधमनीतला वरचा दाब. हाताकडे जाताना लाटेला जे टोक येते ते सरासरीत घासले जाते. इतकी साधी युक्ती, पण मोठ्या संख्येने रुग्णांवर ताडून पाहिलेली.

मी हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आपले वैद्य मनगटच धरायचे की.” खरे आहे. शार्ङ्गधर संहितेत नाडीच्या चालीला साप, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा आहे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये ‘नाडी तरंगिणी’ नावाने नाडीचे आलेख नोंदवणारे यंत्र मांडले होते. तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी.

एवढे सगळे पटल्यावरही माझे मत विरुद्ध का? कारण मानेवरचे पेन दाब मोजत नाही.

ते फक्त आकार टिपते. लाट केव्हा चढली, कुठे अडखळली, कशी उतरली, एवढे चित्र त्याला मिळते. पण चित्राच्या बाजूला जी मोजपट्टी लागते, हा डोंगर १५१ उंच की १३१, ती पेनाकडे नसते. ती दंडावरच्या पट्ट्याकडून उसनी आणतात. गृहीत असे, की खालचा आकडा आणि सरासरी दाब हे मोठ्या धमन्यांमध्ये जवळपास सारखेच असतात, फक्त शिखर बदलते. गृहीत वाजवी आहे. पण त्याचा अर्थ असा, की दंडावरचा आकडा चुकला तर मानेवरचाही चुकणार, आणि कागदावर तो छापून येणार अगदी आत्मविश्वासाने. आमच्या धंद्यात याला म्हणतात, कचरा घाला, कचरा काढा.

आणि बाबांचा दंडावरचा आकडा चुकला होता.

हे आमच्या इथल्या डॉक्टरांनी शोधले, मी नव्हे. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि शिंप्यासारखी टेप काढून बाबांचा दंड मोजला. ३६ सेंटिमीटर. मग मला विचारले, तिथे पट्टा कुठला बांधला होता? मला आठवत होते ते एवढेच, की पट्टा टोकाला पुरत नव्हता आणि मुलीने तो ओढून कसाबसा चिकटवला होता. नेहमीचा मध्यम पट्टा ३२ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की नस दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. शिवाय बाबा उंच स्टुलावर बसले होते, हात खाली लोंबत होता. हात हृदयाच्या पातळीच्या १० सेंटिमीटर खाली असला की निव्वळ रक्ताच्या वजनाने ७-८ मिलिमीटर वाढतात. हे तर बारावीच्या पदार्थविज्ञानात येते. आणि चढ चालून, रांगेत उभे राहून, मागे गाणी वाजत असताना ते मोजले होते.

डॉक्टरांनी त्यांना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसवले. हात टेबलावर, मोठा पट्टा. आकडा आला १४६/८२.

घरी येऊन मी जुन्या कागदावर गणित मांडले. प्रदर्शनातल्या दंडाच्या आकड्यांत वर-खाली फरक होता ७८, मानेत ६७. म्हणजे मानेतला चढउतार दंडाच्या ८६ टक्के. लाटेचा आकार तोच धरून योग्य पट्ट्याचे आकडे लावले, तर १४६ वजा ८२ म्हणजे ६४, त्याचे ८६ टक्के ५५, आणि हृदयाजवळचा वरचा दाब १३७. एका पट्ट्याने १४ मिलिमीटर खाली. पुढे आणखी एक गंमत. दंडावरून सरासरी दाब काढायला दोन नियम आहेत. जुना नियम म्हणतो खालच्या आकड्यात फरकाचा एक तृतीयांश मिळवा, नवा म्हणतो ४० टक्के. वरचे १३७ हे ४० टक्के धरून आलेले आहे. यंत्रात एक तृतीयांशाचा नियम असता तर तोच माणूस, तोच पट्टा, तोच आलेख आणि उत्तर १२८! म्हणजे नुसत्या नियमाच्या निवडीने ९ मिलिमीटर. ज्या ४.३ मिलिमीटरच्या फरकाने संशोधकांना विचार करायला लावले, त्याच्या दुप्पट. संशोधनात सगळ्यांना एकच यंत्र, एकच नियम, हात बसलेला तंत्रज्ञ, म्हणून तुलना टिकते. प्रदर्शनाच्या मांडवात एका माणसाला हातात दिलेल्या एका आकड्याचे तसे नाही.

मान ही जागाही सोपी नाही. मनगटात नसेमागे हाड असते, पेन टेकवले की नस दबून सपाट होते. मानेत मागे मऊ स्नायू. माणूस गिळतो, श्वास घेतो, जाड मानेत नस सापडतच नाही. इथे एक सूचना: हे वाचून कुणी घरी आई-वडिलांच्या मानेची नस दाबून बघू नये, आणि दोन्ही बाजूंची एकाच वेळी तर मुळीच नाही. तिथे दाबल्याने नाडी एकदम मंद होऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

आणि ‘धमन्यांचे वय’? ज्यांनी धमन्या बनवल्या त्यांनीही इतका ठाम दाखला दिला नसता. लाटेच्या वेगाची लोकांच्या सरासरीशी तुलना करून तो आकडा काढतात. तुलना समजून घेणाऱ्या डॉक्टराला तो उपयोगी पडेल. ६७ वर्षांच्या माणसाला ७९ असे लाल अक्षरात दिले की तो एलआयसीची किल्ली कुठे आहे ते सांगतो.

आमच्याच घरातून यावर एक हरकत आली. माझी बायको म्हणाली, “पण त्या कागदामुळेच तर आपण डॉक्टरकडे गेलो.” हे मला मान्य करावे लागते. शिवाय १४६ म्हणजे काही बाबा ठणठणीत होते असे नव्हे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून, पहिला दिवस सोडून सरासरी काढली ती १४१/८०; घरच्या मोजणीची मर्यादा १३५/८५ आहे. डॉक्टरांनी त्यांची गोळी हळूहळू कमी करून दुसरी सुरू केली. ते करताना त्यांनी आलेखही बघितला आणि तो दुजोऱ्याला उपयोगी आहे असे म्हणाले. पण औषध केव्हा सुरू करायचे, किती वाढवायचे, हे त्यांनी ठरवले दंडावरच्या आकड्याने. औषधांच्या मोठ्या चाचण्या शंभर वर्षांच्या त्या पट्ट्यावरच उभ्या आहेत.

मानेचा किंवा मनगटाचा आलेख जिथे खरोखर निर्णय बदलू शकतो अशा जागा आहेत. उंच, सडपातळ पोरगा, वरचा आकडा एकटाच १४५, खालचा ७०. त्याच्या महाधमनीतला दाब अगदी सामान्य असू शकतो आणि विशीत गोळी सुरू करण्याआधी ते बघणे शहाणपणाचे. पण तो निर्णय दवाखान्यातला, शिबिरातला नव्हे.

आता पैशाचा भाग. सिंगापूरच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २०२१-२२ मध्ये १८ ते ७४ वयाच्या रहिवाशांपैकी ३७ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. आपले आई-वडील या मोजणीत नाहीत, पण आपण आहोत, आणि भारतीय वंशाच्या लोकांना हृदयविकार जास्त होतो हे इथल्या डॉक्टरांकडून आपण अनेकदा ऐकले आहे. भेटीच्या परवान्यावर आलेल्या आई-वडिलांना सरकारी सवलत मिळत नाही, डॉक्टरचे पूर्ण बिल आपले. अशा घरात एका माणसाच्या एका दिवसाच्या आकड्यासाठी १२० डॉलर घालवायचे, की तेवढ्याच पैशांत दंडावर बांधायचे एक चांगले, तपासून मान्यता मिळालेले यंत्र घ्यायचे, जे आई-बाबा बरोबर घेऊनही जातील?

कार्यकारिणीला माझी विनंती अशी. निम्मा खर्च सोसण्यासाठी जी रक्कम ठेवली आहे, तिच्यातून मान्यताप्राप्त दोन यंत्रे आणि मध्यम व मोठा असे दोन्ही मापांचे पट्टे घ्यावेत. शिंप्याची टेप माझ्या बायकोकडे आहे. पाठीला आधार असलेल्या खुर्च्या आणि एक वेगळी खोली हवी, जिथे ढोलकी ऐकू येणार नाही आणि पाच मिनिटे कुणी गप्पा मारणार नाही. (आपल्या मंडळात हे दुसरे काम यंत्र मिळवण्यापेक्षा अवघड आहे, याची मला कल्पना आहे.) पहिल्या वेळी दोन्ही दंड मोजावेत, ज्या हाताचा आकडा जास्त तो पुढे धरावा. प्रत्येकाला सात दिवसांचा तक्ता छापून द्यावा आणि घरी यंत्र नसेल त्याला आठवडाभर मंडळाचे यंत्र द्यावे. तक्त्याची सरासरी जास्त आली तर पुढचे डॉक्टर ठरवतील, मानेची तपासणीसुद्धा. मोठा पट्टा मी आणून देतो.

बाबा नाशिकला परत गेले तेव्हा सामानात त्यांचा मोठा पट्टा होता. दर रविवारी फोनवर ते वहीतले आकडे वाचून दाखवतात, शाळेत पाढे म्हणावेत तसे. गेल्या रविवारी १३२/७८ होते. शेजारचे काका रोज सकाळी चहाच्या आधी त्यांच्याकडे दाब मोजायला येऊ लागले आहेत. त्यांचा दंड काटकुळा, मोठ्या पट्ट्यात आकडा खोटा कमी येतो, हे बाबांनी त्यांना टेप लावून पटवून दिले. आता छोटा पट्टा पाठव म्हणून निरोप आला आहे.